एका शब्दाचा दावा

काउली क्रीक,
१९ फेब्रुवारी १९८९

प्रिय मर्ना,

पेपर इथे एक दिवस उशिरा येतो हे तुला माहीत आहे. शुक्रवारचा पेपर काल पोस्टातून ऑरिननेच आणला. टेबलावर ठेवला आणि कोट न काढताच परत दुकानात गेला. पहिल्या पानावर तू. डोक्याला स्कार्फ, हातात रसेलचा शाळेतला फोटो, मागे विधानभवनाच्या पायऱ्या. खाली तुझं वाक्य छापलंय, "माझा मुलगा काउंटरवर रडत होता, तरी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने त्याला पिस्तूल विकलं. तो खुनी आहे."

नाव घेतलं नाहीस. पण तुला बहीण एकच आहे आणि मला नवरा एकच.

तू विधेयकाच्या बाजूने बोलायला जाणार हे मला ठाऊक होतं. पिस्तूल घ्यायला आलेल्या माणसाला आठवडाभर थांबायला लावावं, असं तुझं म्हणणं. त्यावर ऑरिन तुझ्याशी भांडला असता, तूही त्याला चार शब्द सुनावले असतेस, आणि मी तुम्हा दोघांना कॉफी ओतत बसले असते. ते चाललं असतं.

दर उन्हाळ्यात रसेल इथे गवत कापायच्या कामाला यायचा, तेव्हा आमच्याकडेच राहायचा. त्याला बंदूक धरायला ऑरिनने शिकवलं, आणि खाली ठेवायला आधी शिकवलं. गेल्या जूनमध्ये त्याने त्या पिस्तुलाने जीव दिला, तेव्हापासून त्याची खोली ऑरिनने उघडलेली नाही. मी झाडायला गेले तरी तो घराबाहेर जातो. तो बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं तू कशी समजतेस?

तो शब्द मागे घे. पेपरला चार ओळी लिही. हे मी त्याच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये.

तुझी,
अ‍ॅडलीन


हेलेना,
५ मार्च १९८९

प्रिय अ‍ॅडी,

विधेयक समितीतच पडलं. तुमच्याकडे आनंद झाला असेल.

आत मी नीट बोलले होते. कागदावरून वाचलं, आवाजसुद्धा हलला नाही. बाहेर आले तर पायऱ्यांवर बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या टोप्या घातलेली माणसं उभी होती. त्यातला एक अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, मुलगा नीट वाढवला असता तर आज पिस्तुलाला नावं ठेवायची वेळ आली नसती." त्याच्या शेजारचा हसला. तेवढ्यात पेपरवाल्या मुलीने मला काहीतरी विचारलं, आणि जे आत बोलले नव्हते ते तिथे तोंडातून गेलं.

पण गेलं म्हणून ते खोटं नव्हतं. तू म्हणतेस मागे घे. काय मागे घेऊ? तो रडत होता हे मला तूच सांगितलंस. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात आपण दोघी कप विसळत होतो, तेव्हा. मी तो कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही, आठवतं?

दुसरा कुठलाही दुकानदार असता तर मी काही म्हटलं नसतं. परक्याला काय कळणार? ऑरिन त्याला तो चालायला लागल्यापासून ओळखत होता. "संध्याकाळी घरी ये, जेव, मग बघू," एवढं म्हणायचं होतं. एवढंच. त्याने पावती फाडली.

मर्ना


काउली क्रीक,
२२ एप्रिल १९८९

मर्ना,

तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून लिहिते. ऑरिनने तुझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावलाय.

बिलिंग्जहून बंदूकवाल्यांच्या संघटनेचे वकील आले होते, हॅवरकॅम्प म्हणून. चांगले कपडे, मऊ बोलणं. खर्च सगळा संघटना करणार. अशा एका दाव्याने पुढच्या शंभर जणांची जीभ आवरेल, असं ते म्हणत होते. मी ऑरिनला स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, नको करूस हे. तो म्हणाला, "मला तिचा एक डॉलर नको. कोर्टाने एकदाच म्हणावं की मी खुनी नाही. मग मी गप्प बसेन."

गेल्या आठवड्यात तो रक्तदाब दाखवायला गेला होता. नवीन नर्सने नाव विचारलं. तू पेपरात नाव घेतलं नव्हतंस, तरी स्टोल म्हटल्यावर तिने वर बघितलं आणि विचारलं, "म्हणजे ते पेपरातले?" तो तपासणी न करताच परत आला.

दुकानात रोज कुणीतरी त्याची पाठ थोपटायला येतं. आम्ही तुझ्या बाजूने आहोत म्हणतात. त्यांतल्या एकानेही अजून रसेलचं नाव घेतलेलं नाही.

अ‍ॅडलीन


हेलेना,
११ जून १९८९

अ‍ॅडी,

माझ्या वकीलबाई म्हणतात की तुला पत्र लिहायचं नाही. म्हणून हे मी त्यांना न सांगता टाकतेय.

बाई हुशार आहेत. त्यांनी मला समजावलं की आत समितीसमोर मी काहीही बोलले असते तरी मला कुणी हात लावू शकलं नसतं. कायद्याचं कवच दारापर्यंत असतं. पायरीवर आलं की संपलं.

मग त्यांनी माझ्या वाक्याचे दोन तुकडे केले. "खुनी" या शब्दाची त्यांना काहीच काळजी वाटत नाही. म्हणाल्या, "ही नुसती शिवी झाली. बंदुकीच्या वादात लोक एकमेकांना याहून वाईट म्हणतात. शहाणा माणूस ते शब्दशः घेत नाही, त्यामुळे कोर्टही घेत नाही." काळजी त्यांना दुसऱ्या तुकड्याची आहे. "रडत होता" हे खरं की खोटं ते ठरवता येतं, म्हणून तिथे मी अडकू शकते.

मी म्हटलं, "पण मी खुनी शब्दशःच म्हटलं होतं. मला तेच म्हणायचं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही या खोलीत म्हणालात. आता बाहेर कुठेही म्हणू नका."

तुमच्या संघटनेच्या पत्रकात माझ्याबद्दल काय छापलंय ते पाहिलंस का? मी म्हणे भाड्याने रडणारी बाई. त्याच्या खालच्या ओळीत, माझा मुलगा नशा करायचा. बाई म्हणाल्या, पहिल्याला इलाज नाही, तीही शिवीच. दुसऱ्यावर दावा लावता येईल आणि आपण जिंकू. मी नको म्हटलं. रसेलच्या रक्तात काय सापडलं आणि काय नाही, हे भर कोर्टात मोठ्याने वाचून दाखवतील. मला ऐकवणार नाही ते.

तू कपांबद्दल उत्तर दिलं नाहीस. मला ते दिसलं. तुला साक्षीला बोलावणार आहेत, तेव्हा तिथे तरी द्यावं लागेल.

बुधवारी वर्ष होईल. मला तिकडे यायला जमणार नाही. आईबाबांच्या शेजारी त्याला ठेवताना वाटलं होतं की मी दर महिन्याला येईन. आता त्या गावात पाय ठेवायचा तर तुमच्या दुकानावरून जावं लागतं. तू जाशील का? फुलं नकोत, त्याला आवडायची नाहीत.

मर्ना


काउली क्रीक,
२९ ऑक्टोबर १९८९

प्रिय मर्ना,

बुधवारी, तुझ्या त्या बुधवारी, मी गेले होते. हे आधी कळवायला हवं होतं. ऑरिन माझ्या आधीच जाऊन आला होता, गवत खुरप्याने काढलेलं होतं. मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आता साक्षीचं. तुझ्या बाईंनी तुला सांगितलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक.

जाताना गाडीत हॅवरकॅम्प पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "मिसेस स्टोल, एखादी गोष्ट आठवत नाही असं म्हणणं हे खोटं बोलणं नसतं." ऑरिन गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तुझ्या बाईंनी विचारलं, "दफनाच्या दिवशी तुम्ही बहिणीला काय सांगितलं?" मी जे झालं ते सांगितलं. पिस्तूल विकलं त्या दिवशी संध्याकाळी ऑरिन घरी आला आणि म्हणाला, रसेल येऊन गेला, डोळे लाल झालेत, नाक वाहतंय, कापलेल्या गवताच्या अ‍ॅलर्जीने पुन्हा पकडलंय त्याला. मी विचारलं, कशाला आला होता? म्हणाला, "पिस्तूल घ्यायला. कुंपणाच्या कामावर चाललाय, साप फार झालेत म्हणतो." हे सगळं मी तळघरात तुला सांगत होते. निदान मला वाटतं की सगळं सांगितलं. नळ चालू होता, मागे बायका कपबशा आणून ठेवत होत्या. तू डोळे लाल एवढंच ऐकलंस, की मी तेवढंच बोलू शकले, हे मला आज खरंच सांगता येत नाही. तसंच मी म्हटलं.

"म्हणजे मुलगा रडत होता का?"

"मी दुकानात नव्हते."

"तुमच्या नवऱ्याला काय वाटलं?"

"त्यांना दरवर्षीसारखं वाटलं. रसेलला लहानपणापासून जूनमध्ये तो त्रास व्हायचा."

ऑरिन समोर बसला होता. मी बोलत असताना त्याने एकदाही मान वर केली नाही. हॅवरकॅम्प कागद गोळा करून बाहेर निघाले, माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा दावा माझ्यामुळे मोडला हे मला तिथेच कळलं. आणि तुला मी खोटं पाडलं नाही, पण पुरतं खरंही केलं नाही. दोघांचंही माझ्या हातून नीट झालं नाही.

परत येताना ऑरिन गाडीत एक वाक्य बोलला. ते मी लिहिणार नाही.

अ‍ॅडलीन


हेलेना,
२० मे १९९०

प्रिय अ‍ॅडी,

निकाल तुमच्याकडेही पोचला असेल. मी जिंकले म्हणतात. आमच्या गटातल्या बायकांनी केक आणला होता. मी एक तुकडा खाल्ला आणि घरी येऊन झोपले.

न्यायाधीशांनी लिहिलंय की रडण्याची गोष्ट मी घरच्या माणसाकडून ऐकली आणि खरी मानली, त्यात माझा लबाडीचा हेतू नव्हता. ते ठीक आहे. मग "खुनी"वर येतात. "दुःखाने भान हरपलेल्या आईच्या तोंडून गेलेला हा शब्द आहे. कोणताही समंजस माणूस यावरून वादीने खून केला असं मानणार नाही." वकीलबाईंनी हे मला दोनदा वाचून दाखवलं, आनंदाने. मी समोर बसून ऐकत होते. मी भान हरपलेली. माझ्या बोलण्याला काही अर्थच नव्हता, म्हणून मी सुटले.

रसेल गेल्यापासून एवढं एकच वाक्य मी मनापासून बोलले होते गं. चूक असेल, पण मनापासून होतं. ते कुणी ऐकलंच नाही असं आता सरकारी कागदावर लिहिलं गेलंय. आणि मीच वकील लावून ते लिहून घेतलंय.

ऑरिन कसा आहे, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते.

मर्ना


काउली क्रीक,
७ ऑक्टोबर १९९०

प्रिय मर्ना,

उत्तर द्यायला पूर्ण उन्हाळा गेला. रागाने नाही. इथे जे चाललं होतं ते एका पत्रात बसेल असं वाटत नव्हतं. आता बसवून बघते.

निकाल आला त्या दिवशी ऑरिनने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे सरकवून म्हणाला, "यात मी खुनी नाही असं कुठे लिहिलंय, दाखव." मी शोधलं. कुठेच नव्हतं. तुझा शब्द नुसता शब्द आहे, एवढंच होतं. हॅवरकॅम्पना फोन केला तर ते दुसऱ्या कामात होते. त्यांच्या पत्रकात एकदा चार ओळी आल्या, मग तेही बंद झालं.

ऑगस्टमध्ये व्हर्नन डाल्के दुकानात आला. तू त्याला ओळखत नाहीस, नदीपलीकडे गुरं आहेत त्याची. जुलैत त्याची बायको गेली, कॅन्सरने. मी आत मासेमारीचे गळ लावत होते, म्हणून सगळं ऐकलं. त्याला काचेखालचं पिस्तूल हवं होतं.

ऑरिन म्हणाला, "सोमवारी ये."

"आज गुरुवार आहे."

"माहीत आहे मला. सोमवारी ये."

"ऑरिन, कागद भरलाय, पैसे समोर ठेवलेत. आज का नाही?"

"आज माझी इच्छा नाही."

व्हर्ननने पैसे उचलून खिशात घातले. "तुझ्या मेव्हणीने तुझ्यावर चांगलीच जादू केलेली दिसते," म्हणाला आणि दार आपटून गेला. मी बाहेर आले, ऑरिनला विचारलं, हे काय होतं? तो काच पुसत होता. पुसत पुसतच म्हणाला की निकाल लागल्यापासून तो पिस्तूल मागणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतोय. काही येतात सोमवारी, काही नाही येत. एकाच दुकानात बसून मला हे कळलं नव्हतं.

व्हर्ननने बारमध्ये सांगितलं असणार. रविवारी चर्चहून आलो तर दुकानाच्या काचेवर लाल रंगाने लिहिलेलं, फितूर. पाठ थोपटणारे येईनासे झाले. नव्या शिकाऱ्यांना बंदूक शिकवायचा वर्ग तो शाळेच्या व्यायामशाळेत इतकी वर्षं घ्यायचा, तो दुसऱ्याला दिला. त्याला कळवलंही नाही. तो गेला तर दुसराच माणूस फळ्यापाशी उभा. पोरांनी ऑरिनकडे बघितलं आणि खाली बघितलं. तो टोपी घालून परत आला.

मी बादली आणि ब्रश घेऊन काच पुसायला निघाले, तर म्हणाला, राहू दे. मी त्याला जरा हसवावं म्हणून विचारलं, "मग, दावा लावायचा का?"

"कशाचा? शिवी आहे ती," तो म्हणाला. "शहाणा माणूस शब्दशः घेत नाही."

हसला नाही. मीही नाही.

व्हर्ननने पिस्तूल ग्रेट फॉल्सला जाऊन घेतलं. त्याच दिवशी. अजून त्याच्या ट्रकमध्ये असतं, आणि व्हर्नन धडधाकट आहे. म्हणजे थांबवून काही उपयोग झाला नाही, असं ऑरिन स्वतःच म्हणतो. आणि पुढच्या माणसाला पुन्हा सोमवारी ये म्हणतो.

मर्ना, गाडीतलं ते वाक्य आता लिहिते. साक्ष देऊन परत येताना हॅवरकॅम्पना मोटेलवर सोडलं आणि गावाबाहेर पडलो. तेव्हा तो म्हणाला, "अ‍ॅडी, त्या वर्षी पाऊस नव्हता. जूनमध्ये कुणाचंच गवत कापायला आलेलं नव्हतं."

पुढे घरापर्यंत तो बोलला नाही. नंतरही कधी नाही. मी वर्षभर हे तुला लिहिलं नाही, कारण तू त्याचा काय अर्थ घेशील याची मला भीती वाटत होती. त्याला दुकानात ते दिसलं आणि त्याने डोळेझाक केली, असा याचा अर्थ नाही. त्याला ते नंतर सुचलं. कधी, ते मला माहीत नाही. पण सुचलं, आणि तेव्हापासून तो त्यातच राहतोय.

अ‍ॅडलीन


हेलेना,
४ नोव्हेंबर १९९०

ऑरिन,

हे पत्र तुला आहे, अ‍ॅडीला नाही. हवं तर तिला दाखव.

पायऱ्यांवर मी तुला खुनी म्हटलं. कोर्टाने ठरवलं की मी भानावर नव्हते, मला काही म्हणायचं नव्हतं. ते खोटं आहे. मी पूर्ण भानावर होते आणि मला तेच म्हणायचं होतं. कुणी रात्री झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच म्हटलं असतं. माझी सुटका व्हावी म्हणून मी वकिलांना उलटं सांगू दिलं, आणि तू ते कागदावर वाचलंस.

नुसती शिवी असती तर परत घ्यायला काही उरलंच नसतं. पण ती शिवी नव्हती, ऑरिन. म्हणून मी ती परत घेते. तू खुनी नाहीस. हे मी पेपरलाही पाठवलंय. त्यांनी अजून छापलं नाही, आता त्यात बातमी नाही म्हणतात.

गवताचं मला अ‍ॅडीने लिहिलं. मी ते कुठेही बोलणार नाही. माझ्याकडेही असं एक आहे. त्या आठवड्यात त्याने मला फोन केला होता. मी कामावर होते, म्हटलं, रविवारी बोलू. तो बरं म्हणाला. आवाज बरा होता, अगदी नेहमीसारखा. मी त्या आवाजात तेव्हापासून रोज काहीतरी शोधते आणि मला काही सापडत नाही.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. मला ते अजून येत नाही. शब्द तेवढा परत घेतलाय.

मर्ना


काउली क्रीक,
२ डिसेंबर १९९०

प्रिय मर्ना,

तुझं पत्र ऑरिनने दुकानात उघडलं आणि खिशात घालून घरी आणलं. जेवला. मग म्हणाला, माझ्या चष्म्याला अक्षर नीट लागत नाही, तू वाच. तुझं अक्षर छापल्यासारखं असतं हे त्यालाही माहीत आहे. मी वाचलं. फोनपाशी आल्यावर मला पुढे वाचवेना, तर त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतःच वाचलं, मोठ्याने, हळूहळू.

मग कागदाची घडी घातली. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

"म्हणजे तिला खरंच तसं वाटत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत होतं. ते सगळे सांगत होते तिला तसं म्हणायचंच नव्हतं. वकील, जज, सगळेच. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय."

तो रडला, मर्ना. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. चेहरा लाल झाला, डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं. मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, दुकानाच्या काउंटरपलीकडून बघितलं असतं तर मलासुद्धा सर्दीच वाटली असती.

नाताळच्या आधी ये. रसेलची खोली उघडली आहे, बिछान्यावर धुतलेली चादर घातलीये. बसस्टॉपवर ऑरिन येणार नाही. त्याला अजून जमत नाही म्हणाला, आणि तुला तसंच सांग म्हणाला. मी येईन.

तुझी,
अ‍ॅडी